वेसालीचे कांस्यपात्र आणि गल्ल्यावरचे सुटे पैसे

पुण्यातील एका मोठ्या दुकानात मागील वर्षी आम्ही किराणा घेतला. बिल चारशे श्याऐंशी रुपये झाले. गल्ल्यावरच्या मुलाने पडद्यावरून नजर न काढता विचारले, "पाचशे करू का, सर? चौदा रुपये गरीब मुलांच्या शिक्षणासाठी." आमच्या मागे चार-पाच माणसे उभी होती. आम्ही मान हलविली. घरी आल्यावर पावती पाहिली, तीत तांदूळ, साबण आणि चहा यांच्याखाली "देणगी १४.००" अशी एक ओळ होती. कोणत्या संस्थेला, कोणत्या गावच्या मुलांना, याचा उल्लेख नव्हता. चौदा रुपये गेल्याचे दुःख झाले नाही. मात्र आपण दान दिले असेही वाटले नाही. आपल्या हातून काहीतरी सुटले आणि कोणीतरी ते उचलले, एवढेच वाटले. जुने ग्रंथ उघडून बसण्याची सवय असलेल्या माणसाला अशा वेळी आपल्या ग्रंथांची आठवण व्हावी, हे स्वाभाविकच होय.

विक्रीच्या जागी, पैसे मोजण्याच्या क्षणी, उरलेली चिल्लर धर्मकार्यासाठी मागण्याची ही पद्धत आज जगभर रूढ झाली आहे. विमानप्रवाशांच्या खिशातील परदेशी नाणी गोळा करण्याचा 'युनिसेफ'चा उपक्रम १९८७ मध्ये सुरू झाला. ब्रिटनमध्ये कार्डाने पैसे देताना काही पेन्स वाढवून घेणारी 'पेनीज' ही योजना २०१० मध्ये आली. अमेरिकेत ज्या मोहिमांनी प्रत्येकी दहा लाख डॉलरहून अधिक रक्कम जमविली, त्यांचीच बेरीज २०२२ या एका वर्षात सुमारे ७५ कोटी डॉलर होती. आपल्याकडे चित्र थोडे निराळे आहे. पूर्वी सुट्टे नसले की दुकानदार हातावर गोळी ठेवीत असे. पंचवीस पैशांचे नाणे ३० जून २०११ रोजी चलनातून गेले, २०१६ पासून 'यूपीआय' आले आणि चिल्लरच उरली नाही. तरी चिल्लरीची मागणी उरली! नाणे नाहीसे झाल्यावरही 'वरचे पैसे' मागितले जातात, ही गोष्ट आम्हांला विचार करण्याजोगी वाटते. त्यावरून असे दिसते की, या पद्धतीचा प्राण नाण्यात नसून मागण्यात आहे.

आता विनयपिटकाकडे वळू.

चुल्लवग्गाच्या शेवटच्या, सत्तसतिक नावाच्या खंधकात वेसालीच्या संगीतीचा वृत्तांत आहे. भगवंतांच्या परिनिर्वाणाला शंभर वर्षे झाली होती, असे पाठ सांगतो. काकण्डकपुत्र यस हा भिक्खू चारिका करीत वेसालीला आला आणि महावनातील कूटागारशाळेत उतरला. उपोसथाच्या दिवशी त्याने एक दृश्य पाहिले. वज्जिपुत्तक भिक्खूंनी काशाचे एक पात्र पाण्याने भरून भिक्खुसंघाच्या मध्यभागी ठेविले होते, आणि येणाऱ्या उपासकांना ते म्हणत होते की, संघाला काही द्यावे. कार्षापण द्यावा, नाही तर अर्धा द्यावा, नाही तर पाव द्यावा, अगदी मासकाचे नाणे दिले तरी चालेल. संघाला परिष्कारांसाठी लागेल. यसाने उपासकांना देऊ नका असे सांगितले. उपासकांनी दिलेच. रात्र सरल्यावर भिक्खूंनी त्या रकमेचे माणशी वाटे केले आणि यसाचा वाटाही त्याच्यापुढे ठेविला. त्याने तो नाकारला. पुढचा इतिहास वाचकांना परिचित आहे. यसावर कारवाई झाली. तो कोसंबीला गेला. अहोगंग पर्वतावर संभूत साणवासी, नंतर सोरेय्यचा रेवत, आणि अखेरीस वालिकारामात आठ थेरांपुढे दहा वस्तूंचा निर्णय. त्यात जातरूप-रजत, म्हणजे सोने-रुपे स्वीकारणे, ही दहावी वस्तू. जाता जाता एक गोष्ट नोंदवावीशी वाटते. यसाच्या बोलावण्यावरून अहोगंगावर जे भिक्खू जमले, त्यांत अवंती-दक्षिणापथाचे अठ्ठ्याऐंशी होते. या वादात दक्षिणेकडील भिक्खू मागण्याच्या विरोधी बाजूला उभे होते.

या प्रकरणाचा अर्थ पाठ्यपुस्तकांतून एकाच रीतीने लावला जातो: भिक्खूंनी पैसा घ्यावा की घेऊ नये, हा वाद. निर्णयाचे शब्द पाहता तो अर्थ चुकीचा मुळीच नाही. परंतु निर्णय एक आणि प्रसंग दुसरा असतो. प्रसंगाचे वर्णन करणाऱ्याने जे तपशील टिपले आहेत ते पैशापुरते नाहीत, मागण्याच्या रीतीबद्दल आहेत. दिवस उपोसथाचा, म्हणजे लोक श्रद्धेने आलेले आणि एकमेकांसमक्ष बसलेले. पात्र मध्यभागी. त्यात पाणी का, हे पाठ सांगत नाही. पण पाण्यात पडलेले नाणे सर्वांना दिसते आणि कोणाचे पडले नाही हेही सर्वांना कळते, एवढे तरी म्हणता येईल. हेतू मोघम: काहीतरी परिष्कार लागतील. आणि मागणीची रचना उतरती: पूर्ण, अर्धा, पाव, मासक. अट्ठकथेनुसार राजगृहात वीस मासकांचा कार्षापण होत असे. तेव्हा वरच्या आकड्यापासून विसाव्या भागापर्यंत ही शिडी उतरते. ज्याला कार्षापण परवडत नाही त्याच्यासाठी ही सवलत आहे असे प्रथमदर्शनी वाटेल. पण अधिक पाहिले तर ध्यानात येते की, प्रत्येक पायरीबरोबर नकाराचे एकेक कारण काढून घेतले जात आहे. मासकसुद्धा चालेल म्हटल्यावर "आज जवळ नाही" असे कोण म्हणणार?

ही आमची कल्पना नव्हे. १९७६ मध्ये चियाल्डिनी आणि श्रोडर या दोघा अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी याचा प्रयोग केला. कर्करोग संस्थेसाठी घरोघर वर्गणी मागताना काही घरी साधी विनंती केली आणि काही घरी 'एक पेनीसुद्धा उपयोगी पडेल' एवढे वाक्य जास्त जोडले. साध्या विनंतीला सुमारे २९ टक्के घरांनी दिले. पेनीचे वाक्य ऐकलेल्यांपैकी ५० टक्क्यांनी दिले. आणि प्रत्यक्षात पेनी देणारे नव्हतेच. रक्कम नेहमीइतकीच होती. वज्जिपुत्तकांनी हा प्रयोग वाचला नव्हता, परंतु मासकाचे मर्म त्यांना ठाऊक होते.

यसाला पुढे जे भोगावे लागले तेही या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. त्याच्यावर पटिसारणीय कर्म झाले, म्हणजे उपासकांची क्षमा मागण्याची शिक्षा. आरोप काय? श्रद्धावान उपासकांना त्याने दुखविले, त्यांची श्रद्धा मोडली. मागणाऱ्याला प्रश्न विचारणारा हा देणाऱ्याचा अपमान करतो, असा हा उलटा न्याय होय. यस वेसाली नगरात गेला खरा, पण क्षमा मागण्याऐवजी त्याने उपासकांना बसवून आपली बाजू समजावून सांगितली, आणि ज्यांनी काल पात्रात नाणी टाकली होती त्यांनीच ती मान्य केली. म्हणजे काल त्यांनी दिले ते पटले म्हणून दिले नव्हते. या एका तपशिलासाठी तरी हा खंधक पुन्हा वाचावा.

मागण्याविषयी विनयाचे म्हणणे काय, हे समजण्यासाठी वेसालीपेक्षा आळवीचे प्रकरण अधिक मोलाचे आहे. संघादिसेसातील सहाव्या, कुटी बांधण्याविषयीच्या सिक्खापदाच्या प्रस्तावनेत ते येते. आळवीचे भिक्खू स्वतःसाठी कुट्या बांधीत होते. त्यांना कोणी दाता नव्हता आणि कुट्यांना मापही नव्हते. त्यामुळे ते सदा मागत असत: माणूस द्या, मजूर द्या, बैल द्या, गाडी द्या, कुऱ्हाड द्या, वाकस द्या, कुदळ द्या, वेल, वेळू, मुंज, गवत, माती द्या. लोक इतके त्रासले की भिक्खू दिसताच घाबरून पळू लागले, दुसऱ्या रस्त्याने जाऊ लागले, तोंड फिरवू लागले, दारे लावून घेऊ लागले. आणि येथे संकलकाने एक वाक्य असे घातले आहे की, विनयपिटकात विनोद नाही म्हणणाऱ्यांनी ते अवश्य पाहावे: लोक गाय दिसली तरी भिक्खू समजून पळत सुटत! महाकस्सप राजगृहातील वर्षावास संपवून आळवीला आले, अग्गाळव चैत्यात उतरले आणि पिंडपातासाठी गावात गेले, तर त्यांनाही पाहून लोक पळाले. धुतांगधारी भिक्खूंत अग्रगण्य मानल्या गेलेल्या, कधी काही न मागणाऱ्या थेराच्या वाट्याला ही शिक्षा आली. मागणाऱ्यांचे कर्ज न मागणाऱ्याने फेडले, असे म्हणावे लागते.

भगवंत आळवीला आले तेव्हा महाकस्सपांनी हे त्यांच्या कानावर घातले. त्यावर भगवंतांनी सांगितलेल्या कथा सर्वपरिचित आहेत, म्हणून विस्तार करीत नाही. गंगातीरी राहणाऱ्या तापसाकडे मणिकंठ नाग येई आणि त्याला वेटोळे घालून डोक्यावर फणा धरी. भयाने खंगलेल्या तापसाने थोरल्या भावाच्या सल्ल्याने त्याच्या गळ्यातला मणी मागितला आणि तिसऱ्या मागणीनंतर नाग पुन्हा आला नाही. हिमालयाच्या उतारावर पाखरांच्या आवाजाने त्रासलेल्या भिक्खूने प्रत्येक पाखराकडून एकेक पीस मागितले आणि वन रिकामे झाले. या दोन्ही कथांत मागणे हा मिळविण्याचा उपाय म्हणून येतच नाही, तो हाकलून लावण्याचा उपाय म्हणून येतो, याकडे आमच्या मते पुरेसे लक्ष गेलेले नाही. तिसरी गोष्ट रट्ठपालाची. पित्याने विचारले, सारे जग माझ्याकडे मागते, तू का मागत नाहीस? त्याचे उत्तर असे की, मागणारा अप्रिय होतो आणि न देणाराही मागणाऱ्याला अप्रिय होतो. तोटा दोन्ही बाजूंना आहे, हे त्यातले मर्म.

आळवीच्या लोकांचे पळून जाणे ही अतिशयोक्ती असेल असे आम्हांला पूर्वी वाटत असे. बोस्टनचा एक प्रयोग वाचल्यावर ते मत बदलले. 'साल्व्हेशन आर्मी' ही ख्रिस्ती संस्था नाताळच्या दिवसांत दुकानांबाहेर लाल किटली टांगून आणि घंटा वाजवून चिल्लर गोळा करते. ही प्रथा १८९१ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या धक्क्यावर जोसेफ मॅकफी याने ठेविलेल्या एका भांड्यापासून सुरू झाली. (काशाचे पात्र आणि लोखंडाची किटली यांत फारसे अंतर नाही.) २००९ मध्ये अँड्रिओनी, राव आणि ट्रॅक्टमन या अर्थशास्त्रज्ञांनी दोन दारांचे एक दुकान निवडले. कधी एकाच दाराशी, कधी दोन्ही दारांशी घंटा वाजविणारा माणूस ठेविला. कधी तो गप्प राही, कधी नजरेला नजर देऊन "आज काही द्या" म्हणे. तोंडाने मागितल्यावर देणाऱ्यांची संख्या सुमारे ५५ टक्क्यांनी वाढली. परंतु दुसरे दार मोकळे असले की, आत जाणाऱ्यांपैकी जवळपास एक तृतीयांश लोक मागणाऱ्याला चुकवून त्या दाराने जात. हा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. आळवीत दुसरा रस्ता होता आणि बोस्टनमध्ये दुसरे दार. बिलाच्या गल्ल्यापाशी मात्र दुसरा रस्ता नसतो. माल हातात, पैसे अर्धे दिलेले, रांग मागे. या पद्धतीने ही जागा निवडली, ती उगाच निवडलेली नाही.

येथे एक आक्षेप येईल आणि तो रास्त आहे. भिक्खू या शब्दाचाच अर्थ मागणारा. मग मागण्याला दोष कसा? पण विनयात मागण्याला सरसकट मनाई नाहीच. नातलगांकडे मागता येते. ज्याने पवारणा केली, म्हणजे 'लागेल ते सांगा' असे आपण होऊन म्हटले, त्याच्याकडे मागता येते. महानाम शाक्याने संघाला चार महिन्यांसाठी औषधांची अशी पवारणा केली होती. आजारी भिक्खूला मुभा आहे. पिंडपाताला निघालेला भिक्खू दाराशी गप्प उभा राहतो. अट्ठिसेन जातकात, तसे उभे राहणे हेच आर्यांचे मागणे, अशा आशयाची गाथा आहे. ज्याला द्यायचे नाही तो आपले काम चालू ठेवतो. त्याला 'नाही' असा शब्द उच्चारावा लागत नाही. देणाऱ्याला न देण्याची वाट उघडी ठेवणे, हा या साऱ्या नियमांचा समान धागा आम्हांला दिसतो.

दुसरा गैरसमजही दूर करावयास हवा. लहान दानाला कमी लेखणे बौद्ध परंपरेत कोठेही नाही. त्याचा पुरावा पुस्तकात शोधण्याची गरज नाही. महाराष्ट्राच्या डोंगरांत तो कोरलेला आहे. नाशिकच्या त्रिरश्मी डोंगरावरील आठव्या लेण्यात मुगुदास नावाच्या कोळ्याचे परिवारासह दान आहे. जुन्नरला धान्य विकणाऱ्यांच्या श्रेणीने सात खोल्यांचे लेणे आणि पोढी दिली. कुड्याला माळ्याचे दान आहे. सांचीला सहाशेंहून अधिक दानलेख आहेत आणि त्यांतील पुष्कळ एका दगडापुरते, एका कठड्याच्या आडव्या पट्टीपुरते आहेत. भारहूतच्या स्तूपावर करहाकट निगमाचे दान नोंदले आहे. हे करहाकट म्हणजे आपले कऱ्हाड. एवढ्या दूरच्या स्तूपासाठी एका बाजारपेठेने मिळून रक्कम पाठविली, म्हणजे ती कोणीतरी घरोघर किंवा दुकानोदुकानी जमविली असणार. विद्या देहेजिया यांनी १९९२ मध्ये या सामूहिक आश्रयाकडे अभ्यासकांचे लक्ष वेधले. कऱ्हाडच्या पेठेत ती वर्गणी कोणी कशी मागितली हे शिलालेखाला सांगावयाचे नाही. पण ती कशासाठी होती हे देणाऱ्यांना ठाऊक होते आणि दगडावर त्यांच्या गावाचे नाव आले.

नाशिकच्याच दहाव्या लेण्यातील उषवदाताचा लेख या बाबतीत आदर्श म्हणावा असा आहे. क्षहरात नहपानाचा हा जावई. त्याने वर्ष ४२ मध्ये तीन हजार कार्षापण गोवर्धनातील विणकरांच्या श्रेणींकडे ठेव म्हणून ठेविले: दोन हजार दरमहा शेकडा एक दराने, एक हजार दरमहा शेकडा पाऊण दराने. मुद्दल परत घ्यायचे नाही, केवळ व्याज भोगायचे. दोन हजारांचे वर्षाचे व्याज दोनशे चाळीस. त्यातून लेण्यात वर्षावास करणाऱ्या वीस भिक्खूंना चीवरासाठी प्रत्येकी बारा. उरलेल्या हजाराचे नव्वद, कुशणमूल्यासाठी. हे सर्व निगमसभेत ऐकविले, रिवाजाप्रमाणे फलकावर नोंदविले आणि मग दगडावर कोरले. शाळेतील मुलानेही आज हिशेब तपासावा आणि तो जुळावा! वेसालीचा वाद केवळ पैशाचा होता असे मानणाऱ्यांना हा लेख अडचणीचा वाटतो, कारण नाकारलेले कार्षापण येथे आकड्यांनिशी परत आले आहेत. मागण्याच्या बाजूने पाहिले तर अडचण बरीच कमी होते. वेसालीत मोघम हेतूसाठी सभेत मागितले गेले आणि दुसऱ्या दिवशी वाटून घेतले गेले. नाशिकला देणाऱ्याने आपण होऊन दिले; कशासाठी, कोणाकडे, किती दराने, हे जाहीर झाले. सोन्या-रुप्याचा नियम यामुळे रद्द होतो असे आमचे म्हणणे नाही. एकाच नाण्याचे दोन निरनिराळे व्यवहार होते, इतकेच.

आमच्या पावतीवरील चौदा रुपयांना नाशिकचा हा न्याय लावला तर काय उरते? हेतू मोघम, ठेव कोणाकडे ते अज्ञात, नाव नाही. दुकानदार या देणग्यांवर स्वतः करसवलत घेतात, असा एक समज प्रचलित आहे. निदान अमेरिकेच्या कायद्यात तरी तसे नाही. ग्राहकाचे दान ते ग्राहकाचेच आणि सवलतीचा हक्कही त्याचाच. त्यामुळे त्या कारणाने दोष देणे अन्यायाचे होईल. पण लाखो ग्राहकांच्या चिल्लरीची बेरीज होऊन मोठा धनादेश दिला जातो तेव्हा त्यावर दुकानाचे नाव असते. मुगुदास कोळ्याने दिलेल्या लेण्यावर मुगुदासाचे नाव आहे, गोवर्धनातील सावकाराचे नाही.

राज्यसंस्थेलाही या प्रश्नात लक्ष घालावे लागले आहे. ३० नोव्हेंबर २०२३ रोजी भारताच्या केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑनलाइन व्यवहारांतील फसव्या रचनांविषयी मार्गदर्शक तत्त्वे अधिसूचित केली. त्यांत तेरा प्रकार दिले आहेत. ग्राहकाच्या संमतीवाचून बिलात जादा बाब घालणे हा त्यांतील एक, आणि त्याच्या व्याख्येत धर्मादाय देणगीचा स्पष्ट उल्लेख आहे. दुसरा प्रकार नकार देणाऱ्याला लाजविण्याचा. त्याच्या उदाहरणातही टोपलीत परस्पर टाकलेली देणगी आणि ती काढू पाहणाऱ्याच्या तोंडी घातलेले, आपण निष्ठुर आहोत असे कबूल करणारे वाक्य आहे. आळवीच्या भिक्खूंसाठी सिक्खापद घालावे लागले. यंत्रांसाठी अधिसूचना काढावी लागली. मात्र ही तत्त्वे पडद्यावरच्या व्यवहारांसाठी आहेत. रांगेतल्या माणसाला तोंडी विचारलेला प्रश्न त्यांत येत नाही, आणि यावाही असे आम्ही म्हणत नाही.

दुसऱ्याच्या गल्ल्याकडे बोट दाखविताना आपल्या अंगणाकडेही पाहावे लागते. एका विहाराच्या वर्धापनदिनाला आम्ही व्याख्याते म्हणून गेलो होतो. व्याख्यानाआधी अर्धा तास ध्वनिक्षेपकावरून देणगीदारांची नावे वाचली गेली, रकमेसह, मोठ्या रकमेपासून लहानीकडे. शेवटी शेवटी अकरा रुपये, एकवीस रुपये. पहिल्या रांगेत बसलेल्या एका वृद्ध बाईंनी आपले नाव येण्याच्या सुमारास पदर पुढे ओढून घेतला. त्या अकरा रुपयांचा आदर करावा हाच वाचणाऱ्याचा हेतू होता, याविषयी आम्हांला शंका नाही. पण उतरत्या क्रमाने वाचलेली ती यादी ऐकताना आम्हांला कार्षापण, अर्धा, पाव, मासक हाच क्रम ऐकू येत होता. त्या विहाराला छत हवे होते आणि ते लहान वर्गणीतूनच होणार होते. यादी नुसत्या गावांच्या क्रमाने भिंतीवर लावावी, असे आम्ही व्यवस्थापकांना नंतर सुचविले. त्यांनी ते हसून ऐकून घेतले. पुढच्या वर्षी काय झाले ते पाहावयास आम्ही गेलो नाही, हा दोष आमचा.

आळवीच्याच संदर्भात सांगितले गेलेले आणखी एक जातक आहे, ब्रह्मदत्त जातक. मणिकंठाच्या कथेइतके ते प्रसिद्ध नाही; आमच्या मते त्याहून सूक्ष्म आहे. उत्तरपंचालाच्या राजाच्या उद्यानात एक तापस राहत होता. त्याला हिमालयाकडे परतायचे होते, आणि वाटेसाठी दोन वस्तू हव्या होत्या: एकपदरी तळव्याच्या वहाणा आणि पानांची छत्री. एवढेच. राजा श्रद्धावान, देण्यास उत्सुक. तापसाने एकांत मागितला, राजाने माणसे दूर केली, आणि तरी तापसाला शब्द काढवेना. असे एकदा नव्हे, अनेकदा झाले. बारा वर्षे गेली. अखेर राजानेच विचारले, आपल्या मनात काय आहे? तेव्हा तापसाने सांगितले की, मागणे म्हणजे रडणे आणि नाही म्हणणे म्हणजे त्या रडण्याला उलट रडणे; पंचालाच्या लोकांनी आपणा दोघांना रडताना पाहू नये म्हणून एकांत हवा होता. राजाने बैलासह हजार तांबड्या गाई देऊ केल्या. तापसाने वहाणा आणि छत्री घेतली आणि तो निघून गेला.

तापसाला भीती केवळ स्वतःच्या लाजेची नव्हती. राजाला नकार द्यावा लागला, तर तो चारचौघांत द्यावा लागू नये, याची त्याला काळजी होती. बारा वर्षे त्याने राजाचा नकार झाकून ठेविला.

मागच्या महिन्यात आम्ही पुन्हा त्याच दुकानात गेलो. गल्ल्यावर तोच मुलगा होता. बिल दोनशे एकाहत्तर झाले. त्याने पडद्याकडे पाहत तोच प्रश्न केला. आम्ही विचारले, कोणत्या संस्थेसाठी? त्याने पडदा न्याहाळला, मग पहिल्यांदाच आमच्याकडे पाहिले. मागचा माणूस टोपली या हातातून त्या हातात घेत होता. "ते मला सांगितलेलं नाही, सर," तो हळू आवाजात म्हणाला, "प्रत्येकाला विचारायचं एवढं सांगितलंय. दिवसाला किती जण हो म्हणाले ते वर बघतात." आम्ही नको म्हटले. त्याने बटण दाबले आणि एकोणतीस रुपये सुटे मोजून आमच्या हातावर ठेविले.